भाड्याची गाडी आणि शेंगांची मेंढरं

किस्से जमवावे लागत नाहीत, ते जमतात. आमच्या ऑफिसात तर ते जुन्या पॉलिसींच्या झेरॉक्सांसारखे जमतात. ड्रॉवरमधून एक काढायला जावं तर तीन निघतात, आणि जी हवी होती ती राहतेच!

केडगाव स्टेशनजवळ, एका रसवंतीच्या वर आमचं गाड्यांच्या इन्शुरन्सचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर, मी आणि शोभाताई. शोभाताई खुटबावहून रोज स्कूटीवर येतात, कॉम्प्युटर सांभाळतात आणि वेळ उरला की मलाही सांभाळतात. आमचा खरा धंदा ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटरसायकलींचा. पण मध्यंतरी पारगावचा नंदू नोकरीला इंग्लंडला गेला. तिथं भाड्याची गाडी घेताना त्यानं काउंटरवरूनच मला कराराचा फोटो पाठवला. "मामा, सही करू का? मागं लाईन लागलीय!" मी वाचून सांगितलं, त्यानं सही केली. झालं! भीमेच्या अलीकडं-पलीकडं बातमी पसरली, की केडगावात एक जण आहे, त्याला फॉरेनच्या गाड्यांचा विमा कळतो.

गंमत म्हणजे मी अजून विमानात बसलेलो नाही. पासपोर्टसुद्धा नाही. पण दुपारी गिऱ्हाईक नसतं. दौंडकडे जाणारी गाडी निघून जाते, खिडकीची काच थरथरते आणि मग शांत होते. अशा वेळी मी ते करार काढून वाचत बसतो. त्यात एक यादी असते, 'या रस्त्यांवर विमा लागू नाही'. कुठला बर्फातला घाट, कुठला वाळूवरून जाणारा रस्ता, कुठली ओढ्यातून जाणारी वाट. वाचता वाचता डोळे मिटतात आणि स्टेअरिंग हातात येतं. त्या यादीतले सगळे रस्ते मी फिरून आलोय. विमा नसताना!

*

समजावून सांगायची माझी एक पद्धत आहे. टेबलावर स्टेपलर ठेवायचा, ती आपली भाड्याची गाडी. पंचिंग मशीन म्हणजे समोरच्याची गाडी. डिंकाची बाटली म्हणजे झाड, कारण रस्ता म्हटला की झाड पाहिजे.

मग सांगायचं, की नुकसान दोन प्रकारचं. स्टेपलरचं झालं तर ते भाड्याच्या गाडीचं नुकसान. पंचिंग मशीनचं किंवा त्यातल्या माणसांचं झालं तर ती आपली दुसऱ्याविषयीची जबाबदारी. त्यालाच थर्ड पार्टी म्हणतात. करारात त्याचं नाव नसतं, सही नसते, पण लागतं त्यालाच. काही देशांत हे दुसऱ्यांचं कव्हर भाड्यातच येतं, काही देशांत नावापुरतं येतं आणि वरचं आपण मागून घ्यायचं असतं. म्हणून सहीच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, 'दुसऱ्याला लागलं तर काय?'

एमआयडीसीतला एक इंजिनियर कंपनीच्या कामाला अमेरिकेला निघाला होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि ऐटीत म्हणाला, "मला गरज नाही. माझ्या क्रेडिट कार्डावर सगळं कव्हर आहे."

मी त्याच्या कार्डाची माहितीपुस्तिका वाचली. कार्ड फक्त भाड्याच्या गाडीचा पत्रा भरून देत होतं. दुसऱ्याच्या गाडीबद्दल आणि दुसऱ्याच्या हाडाबद्दल अवाक्षर नव्हतं. हे त्याला चार वेळा सांगितलं, स्टेपलर आपटून दाखवला, तरी पटेना.

शेवटी शोभाताई कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, म्हंजी कसंय, यजमान पोटभर जेवला आन् पंगत उपाशी उठली!"

इंजिनियर उठला तो वेगळं कव्हर घेऊनच विमानात बसला.

*

खुटबावचे गणपतमामा शोभाताईंचे चुलते. बागायतदार माणूस. पोरगा जर्मनीत असतो. त्याच्याकडं महिनाभर जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात हजर झाले. चेहरा गंभीर.

तिथल्या एका गावात अरुंद गल्लीत पोराच्या भाड्याच्या गाडीचा आरसा उभ्या असलेल्या गाडीला घासला. मालक जवळपास नव्हता. पोरानं गाडी बाजूला घेतली, पोलिसांना फोन केला आणि वाट बघत उभा राहिला. गणपतमामा खाली उतरले, शर्ट नीट केला आणि गर्दी जमायची वाट बघू लागले.

"दिलीपराव, गर्दीच जमंना!" मामा अजून त्याच धक्क्यात होते. "पाच मिनटं झाली, धा मिनटं झाली. एक बाई कुत्रं घेऊन गेली, तिनं बघितलं बी न्हाई. आपल्याकडं आतापत्तूर निम्मा बाजार गोळा झाला असता. कुनी कॉलर धरली असती, कुनी सोडवलं असतं, कुनी पानी दिलं असतं."

"मग काय झालं, मामा?"

"काय हुनार? पोलीस आला, लिहून घेतलं आन् आमालाच थँक्यू म्हनून गेला. बाकी सगळं इन्शुरन्सवाले आपापसात बघनार म्हनं." मामांनी चहाचा घोट घेतला. "समदं बराबर झालं. पन मला तिथं लई एकटं वाटलं."

मला ती गल्ली कितीतरी दिवस दिसत राहिली. उन्हातली, स्वच्छ, आणि धोतरातले मामा मधोमध उभे.

*

आता त्याच नंदूचा इंग्लंडमधला पराक्रम.

नंदू सिग्नलला उभा होता. मागून एका म्हाताऱ्या बाईंनी येऊन त्याच्या भाड्याच्या गाडीला ठोकलं. चूक उघड बाईंची. पण त्या गाडीतून उतरल्या आणि रडायलाच लागल्या. नंदूला बघवेना. त्यानं त्यांना कट्ट्यावर बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि इंग्रजीत म्हणाला, "जाऊ द्या आजी, चूक माझीच आहे." एवढं करून थांबला नाही. त्यांच्या वहीत ते लिहून सही करून दिली!

मी फोनवर ओरडलोच. अरे, करारात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, की चूक कबूल करायची नाही आणि जागेवर परस्पर मिटवायचं नाही. चूक कुणाची ते ठरवणं कंपन्यांचं काम. आपण फक्त काय झालं ते लिहायचं. तू असं मिटवून टाकलंस तर कंपनी म्हणेल, आता निस्तर तुझं तू!

"मामा, आपल्यात म्हणतात ना, समोरचा रडत असला तर आपण पडतं घ्यावं."

पडतं घेतलं ते नंदूनं आणि पडली ती जबाबदारीही त्याच्यावरच. कंपनीशी पत्रव्यवहार करून करून आम्ही दोघं थकलो. त्या आजी मात्र दर नाताळात त्याला न चुकता कार्ड पाठवतात. त्यात लिहिलेलं असतं, 'त्या दिवशी चूक माझी होती हं, बाळा.'

आणि ते कार्ड कंपनी पुरावा म्हणून धरत नाही!

*

हे सगळे किस्से आम्ही हसत सांगतो. आता म्हाळूआप्पांचं सांगतो.

आप्पा निमोण्याचे. शिरूर तालुक्यातून न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून आमच्याकडं आले, तेव्हा अंगात पांढरा नेहरू शर्ट, डोक्याला लाल फेटा आणि खांद्यावर घोंगडी होती. घराणं मेंढपाळाचं. अर्धं आयुष्य कळपामागं चालण्यात गेलं. आता मुलगा शेती बघतो. लेक वैशाली न्यूझीलंडला एका डेअरी फार्मवर कामाला आहे. सहा वर्षं बापलेकीची भेट नव्हती. मोबाईलमध्ये दिसेल तेवढीच लेक. तिनं रजा काढली, तिकीट पाठवलं, सगळं ठरलं आणि आप्पा अडून बसले.

विमानतळापासून तिचं गाव चार तासांवर. तिथं एसटी जात नाही. फार्मची गाडी मिळणार नाही, म्हणून ती भाड्याची गाडी घेणार होती. आप्पा म्हणाले, भाड्याच्या गाडीत मी बसनार न्हाई.

"भ्या वाटतं का, आप्पा?" मी विचारलं.

"मरनाचं काय भ्या?" ते म्हणाले. मग खिडकीतून खाली रस्त्याकडं बघत सांगू लागले. "न्हावऱ्याच्या अलीकडं आमचा कळप रस्ता वलांडत हुता. सकाळची येळ. एक ट्रक आला आन् मधनं निघून गेला. अकरा मेंढरं. पुढं चालनारी घंटेवाली म्हातारी मेंढी बी त्यातच. ट्रकवाला थोडा पुढं जाऊन थांबला हुता बरं का. मागं वळून बघितलं त्यानं. मला वाटलं, आता उतरंल. मग त्यानं गाडी पळवली."

"नंबर घेतला होता का?" शोभाताईंनी विचारलं.

"मला कुठं वाचता येत हुतं तवा, बाई? मी तितंच बसलो. म्हनलं, मानूस हाय, घाबरला आसंल, येईल माघारी. दिवस मावळंपत्तूर बसलो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दिलीपराव, मला एकच सांगा. गाडी आपली न्हाई, देस आपला न्हाई. कुनाला लागलं तर माझ्या लेकीला पळावं लागंल का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी असा विचारला नव्हता. मी उगीच स्टेपलर उचलला.

*

आप्पांना पटवायला तीन खेपा लागल्या.

पहिल्या खेपेला मी वैशालीकडून कराराचा फोटो मागवला आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. गाडी चालवणाऱ्याचं नाव करारात पाहिजे, वैशालीचं होतं. रस्ता मनाई यादीतला नको, नव्हता. त्या देशात अपघातात माणूस जखमी झाला तर उपचार सरकारी योजनेतून होतात, चूक कुणाचीही असो. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ते गाडीच्या विम्यात येतं.

"आन् मेंढरू?" आप्पांनी विचारलं.

"ते मालमत्तेत धरतात."

"मालमत्तेत? म्हंजी टेबल-खुर्चीत?"

"तसंच म्हणा."

आप्पा उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि निघाले. जिन्यातून त्यांचा आवाज आला, "टेबल-खुर्ची कवा हाक मारल्यावर आलीय का मागनं!"

*

दुसऱ्या खेपेला मी टेबलावर स्टेपलर, पंचिंग मशीन आणि झाड मांडलं. आप्पांनी रस्ता नीट बघितला आणि म्हणाले, "ह्यात कळप कुठंय?" मग नेहरू शर्टाच्या खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि एकेक करून टेबलावर ठेवल्या. नुसत्या पसरल्या नाहीत. पुढं एक जाड शेंग, तिच्या मागं दाट घोळका, कडेला दोन लहान. एक शेंग सारखी बाजूला सरकवून पुन्हा घोळक्यात आणत होते.

"हिला सवय हाय भरकटायची," ते म्हणाले.

पंखा फिरत होता. खाली रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. बघता बघता मला ते टेबल मोठं वाटायला लागलं. डिंकाच्या बाटलीची सावली लांब पडली होती आणि तिच्या पलीकडं माळ असावा असं वाटत होतं. मी स्टेपलर अगदी हळू सरकवला. कळपाजवळ आल्यावर माझा हात आपोआप थांबला. पुढं रेटवेना. मला समजावून सांगायचं होतं धडक झाल्यावर काय करायचं ते, आणि माझ्याच्यानं धडक होईना!

आम्ही तिघंही त्या शेंगांकडं बघत बसलो. तेवढ्यात काट्ट असा आवाज झाला. शोभाताईंनी तंद्रीत कडेची एक शेंग फोडून तोंडात टाकली होती.

आप्पांनी टेबलाकडं बघितलं, मग शोभाताईंकडं.

"एक कमी झालं," ते म्हणाले. "आता ह्याचा इन्शुरन्सचा फॉर्म कुनी भरायचा?"

*

तिसऱ्या खेपेला मी कागद बाजूला ठेवले.

"आप्पा, तीनच गोष्टी आहेत. थांबायचं. कळवायचं. काय झालं ते खरं लिहायचं. बाकीचं कंपनी बघते. त्यासाठीच विमा काढलेला असतो. पळावं लागू नये म्हणूनच तो असतो."

"आन् चूक आपली असली तर?"

"तरी तसं म्हणायचं नाही. चूक कुणाची ते दुसरे ठरवतील."

"चूक असून म्हनायची न्हाई?" त्यांना ते रुचलं नाही. मलाही इतकी वर्षं कुठं रुचलंय! पण नंदूचा किस्सा सांगितला तेव्हा ते हसले.

"बरं. चुकीचं ऱ्हाऊ द्या. थांबायचं तर आपल्या हातात हाय न्हवं?"

"थांबायचं कायम आपल्याच हातात असतं, आप्पा."

"मग जातो," ते म्हणाले.

शेंगा मात्र परत नेल्या नाहीत. "असू द्या तुमच्या टेबलावर. दुसरं कुनी आलं तर दाखवायला व्हतील." शोभाताईंनी त्या पुन्हा होत्या तशा मांडून ठेवल्या. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर स्टेपलर, पंचिंग मशीन, झाड आणि कळप असं सगळं असतं. आणि दुपारी डोळे मिटले, की माझ्या रस्त्यावर मेंढरं येतात. मी गाडी बंद करून बसून राहतो. घाई कुणाला आहे?

*

आप्पा गेल्यावर चौथ्या दिवशी भर दुपारी वैशालीचा फोन आला. तिकडं संध्याकाळ झाली होती.

"मामा, एक फॉर्म पाठवलाय. कंपनीला द्यायच्या आधी बघता का?"

"आप्पा बरे आहेत ना?"

"बरे हायत. शेजारीच बसलेत."

तिनं सांगितलं ते असं. विमानतळावरून निघून त्यांना तीन तास झाले होते. दोन्हीकडं हिरव्या टेकड्या, मधून रस्ता, मैलोन्‌मैल माणूस नाही. आप्पा काचेला नाक लावून बसले होते. एका वळणावर तारेच्या कुंपणातून एक मेंढी बाहेर आली. वैशालीनं ब्रेक मारला, तरी बंपर लागलाच. मेंढीचा पुढचा पाय मोडला. गाडीला साधा ओरखडाही नाही.

फोनला रेंज नव्हती. थंडी वाढत होती. वैशाली म्हणाली, "आप्पा, पुढच्या गावात रेंज आली की कंपनीला कळवू. करारात तसं चालतं." आणि तिचं चूक नव्हतं, करारात तसं खरंच चालतं.

आप्पांनी दार उघडलं आणि खाली उतरले.

"मेंढीपाशी जाऊन बसले, मामा. कुंपणाखालच्या दोन काटक्या आणल्या, फेट्याची पट्टी फाडली आन् पाय बांधला. ती बी गप पडून राहिली. मग घोंगडी तिच्यावर टाकली आन् रस्त्याच्या कडंला बसले. मी म्हणलं, कुणी येणार न्हाई इथं. तर म्हणले, ज्याचं हाय तो येईल. तू गाडीत बस, थंडी हाय."

"मग?"

"मी बी बसले त्यांच्यापाशी."

अडीच तासांनी चार चाकांच्या मोटरसायकलवर मेंढीचा मालक आला. तोही म्हाताराच. मेंढी बघितली, पट्टी बघितली, लाल फेटा बघितला. वैशालीला म्हणाला, एका मेंढीसाठी कशाला थांबलात, निघून जायचं ना. तिनं आप्पांना ते मराठीत सांगितलं. आप्पांनी मेंढीवरची घोंगडी नीट केली. मग तो म्हातारा खाली बसला आणि पट्टीची गाठ कशी मारली ते दाखवा म्हणाला. आप्पांनी सोडून दाखवली आणि पुन्हा मारून दाखवली. मेंढीला मोटरसायकलवर घालून तो घेऊन गेला.

मी फोन ठेवला. शोभाताईंनी फॉर्म स्क्रीनवर मोठा करून घेतला आणि आम्ही दोघं रांगेनं बघत गेलो. ड्रायव्हरचं नाव बरोबर. रस्ता बरोबर. आपल्या वाहनाचं नुकसान, काही नाही. समोरच्याची मागणी, काही नाही. चूक कुणाची, या रकान्यात वैशालीनं काही लिहिलं नव्हतं. तेही बरोबर.

सगळ्यात खाली गाडीतल्या दुसऱ्या माणसाचा जबाब होता. काय घडलं ते आपल्या शब्दांत लिहा. त्यासाठी दहा ओळींची जागा सोडलेली होती. तिथं मोठी मोठी, जपून काढलेली, प्रौढशिक्षणाच्या वर्गातली मराठी अक्षरं होती. एकच ओळ.

'आमी थांबलो हुतो.'